मुरमाच्या रस्त्यासाठी ट्रॅक्टरचं दाताळं: कोणतं घ्यावं, कधी आणि कसं चालवावं

पुण्याजवळ पौडच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की आमच्या शेतघरापर्यंत १८० मीटर मुरमाची वाट आहे. पहिली चार वर्षं दर दिवाळीनंतर आम्ही तिच्यावर चार-पाच ट्रॉल्या मुरूम ओतायचो आणि पुढच्या गणपतीपर्यंत खाली पुन्हा डबर, म्हणजे तळाचे मोठे दगड, दिसायला लागायचा. "वाहून गेला," असं आम्ही म्हणायचो. पाचव्या वर्षी कडेचं गवत कापताना कळलं की बराचसा मुरूम कुठेच गेला नव्हता. दोन्ही कडांना गवताच्या मुळांत वीतभर उंचीचा बांध होऊन तो पडून होता. राहिलेला उताराच्या तळाशी, फाटकापाशी जमला होता. म्हणजे आपलाच मुरूम रस्त्याच्या कडेला ठेवून आम्ही दर वर्षी नवा विकत घेत होतो.

कडेला गेलेला हा माल परत मध्ये आणणारं अवजार म्हणजे लँडस्केप रेक. अंगणातल्या दाताळ्याचा हा थोरला भाऊ समजा. चार ते आठ फूट रुंदीचा आडवा दांडा, त्याला बोटभर फटी ठेवून ओळीने लावलेले वाकडे, स्प्रिंगच्या पोलादाचे दात, आणि हे सगळं ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे खालच्या दोन भुजा आणि वरची टॉप लिंक अशा तीन ठिकाणी अवजार धरणाऱ्या जोडणीला. याला पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, लागत नाही आणि इंजिनने फिरणारा एकही भाग नाही. माती फटींतून खाली गळते आणि दगड, मुळं, गवताचे गड्डे दातांपुढे गोळा होतात. दांडा मधल्या खुंट्यावर तिरपा फिरवता येतो, त्यामुळे पुढे आलेला माल एका टोकाकडे सरकत जातो आणि मागे वरंबा पडत जातो. रस्त्याच्या कामात खरी करामत या तिरपेपणाची आहे.

एक गोष्ट मात्र विकणारा सांगत नाही. हे दाताळं रस्ता खोदत नाही, सुटा माल विंचरतं. रस्ता टणक झाला असेल आणि त्यात खड्डे असतील, तर दात वरून खरवडत, उड्या मारत निघून जातात आणि तुम्हाला वाटतं अवजारच निकृष्ट. टणक थर आधी दुसऱ्या कशाने तरी फोडावा लागतो. परदेशी व्हिडिओंत त्यासाठी बॉक्स ब्लेड दिसतं, म्हणजे तीन बाजूंनी बंद पेटी, पुढे उकरणारे फाळ आणि मागे पातं. आपल्याकडे बहुतेक वाड्यांवर ट्रॅक्टरचा मोगडा, म्हणजे जमीन उकरणारं फाळांचं अवजार, असतोच आणि रस्ता फोडायला तो पुरतो. मागे लावायचं साधं पातं, ज्याला कोणी लेव्हलर म्हणतं, कोणी टेरेसर, ते चारी काढायला आणि ढीग पसरायला चांगलं. पण शेवटचा हात फिरवायला ते मला आवडत नाही. दगड आणि माती ते वेगळं करत नाही, आणि एखादा मोठा दगड पात्याखाली अडकला की तो लांबपर्यंत चर ओढत जातो.

तुमचा रस्ता मुळात नीट आकाराचा आहे आणि फक्त माल इकडेतिकडे गेलाय, तर दाताळं एकटं पुरेल. खड्डे आणि चाकोऱ्या असतील तर मोगडा आणि दाताळं अशी जोडी लागेल. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेला असेल, पावसात त्याचा ओढा होत असेल, तर दाताळ्याचा विचार सोडा. आधी जेसीबी बोलावून चाऱ्या काढा आणि भर टाका.

घेताना काय बघायचं

पहिली गोष्ट रुंदी. दाताळं तिरपं केल्यावरही ते ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकेल एवढं हवं, नाहीतर विंचरलेल्या भागावर तुमच्याच टायरचे ठसे राहतात. तिरपेपणात रुंदी कमी होते हे बरेच जण विसरतात. पाच फुटी दाताळं ३० अंशांत फिरवलं की कामाची रुंदी जेमतेम ४ फूट ४ इंच उरते आणि सहा फुटीची ५ फूट २ इंच. टेप घेऊन आपल्या ट्रॅक्टरची चाकं बाहेरून बाहेर मोजा, मग दुकानात जा. द्राक्षबागेसाठी घेतलेल्या २०-२५ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरला चार किंवा पाच फुटी बसतं. ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सहा-सात फुटी घ्या, पण फाटकाची रुंदीही मोजा. हे मी हसत लिहितोय, पण आमच्या पलीकडच्या जागेतलं सात फुटी दाताळं अजून फाटकाबाहेर उभं असतं.

दुसरी गोष्ट पिनांची. थ्री पॉइंट लिंकेजच्या श्रेणी असतात. श्रेणी एकमध्ये खालच्या पिना २२ मिमीच्या आणि टॉप लिंकची १९ मिमीची, तर श्रेणी दोनमध्ये २८ आणि २५ मिमी. मिनी ट्रॅक्टरांत पिना श्रेणी एकच्याच, पण दोन भुजांमधलं अंतर कमी, अशी अरुंद जातही असते. तिथे श्रेणी एकचं अवजार भुजा ताणून कसंबसं बसवतात आणि मग चेक चेन, म्हणजे भुजांना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, दोन्हीकडे तिरप्या ओढल्या जातात. तसं करू नका.

तिसरी गोष्ट दात, आणि पैसे इथे घालायचे. चांगल्या दाताची पट्टी साधारण २५ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड असते, स्प्रिंगच्या पोलादाची. दगडाला अडला की दात मागे झुकतो आणि सुटला की जागेवर येतो. साध्या लोखंडाचा दात पहिल्याच डबराला झुकतो आणि झुकलेलाच राहतो. ही अवजारं आपल्याकडे प्रत्येक डीलरकडे मांडलेली नसतात. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे हात लावून बघता येतात. नाहीतर फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायची. बनवून घेताना ईएन ४५ (स्प्रिंगच्या पोलादाची एक जात) किंवा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद मागा. माल ताब्यात घेण्याआधी एक दात व्हाइसमध्ये धरा, त्यावर पाईप घालून थोडा ओढा आणि सोडा. जागेवर आला तर ठीक.

आणि दात वेल्ड करून घेऊ नका. आमच्या पहिल्या दाताळ्याच्या वेळी मी बनवणाऱ्याला म्हटलं, "दादा, बोल्टऐवजी वेल्डिंगच मारा, पक्कं होईल." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणताय म्हणून मारतो." पहिल्या दिवाळीपर्यंत अकरा दात वेल्डच्या शेजारी कटकन तुटले. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की शेजारचा भाग ठिसूळ होतो, हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. प्रत्येक दाताला स्वतंत्र बोल्ट हवा. तुटला तर दहा मिनिटांत बदलतो.

चौथी गोष्ट मागची चाकं, म्हणजे गेज व्हील. पैसे वाचवायला लोक आधी हीच वगळतात आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आहे. हायड्रॉलिकचा पोझिशन कंट्रोल अवजाराची उंची ट्रॅक्टरच्या हिशेबाने राखतो, जमिनीच्या हिशेबाने नाही. ट्रॅक्टरचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागचं अवजार वर उचललं जातं, पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की ते खाली रुततं. म्हणजे जुन्या लाटांवर तुम्ही नव्या लाटा काढत जाता. मागे दोन चाकं असली की दाताळं त्यांच्या आधाराने चालतं आणि ट्रॅक्टरचे हेलकावे रस्त्यावर उतरत नाहीत. चाकांच्या दांड्यांना उंचीसाठी भोकं आणि पिना हव्यात. टायर नवे घेण्याची गरज नाही. आमची दोन्ही चाकं बुधवारच्या जुन्या बाजारातली आहेत.

याशिवाय दांडा डावी-उजवीकडे किमान ३० अंश फिरतो का, आणि पूर्ण उलटा करता येतो का, हे बघा. उलटा केला की दातांच्या पाठी जमिनीवर घासतात आणि शेवटचा हात मऊ फिरतो. मुख्य चौकट जाड चौकोनी पाईपची असू द्या. हलकं दाताळं दातांच्या दर्जाने कितीही चांगलं असलं तरी टणक मुरमावर तरंगतं. उलट, फार जड दाताळं मिनी ट्रॅक्टरला लावून उचललं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहिला पाहिजे. शंका वाटली तर पुढे वजनं लावा.

माल तपासा

दाताळं कितीही चांगलं चालवलं तरी नुसत्या खडीचा रस्ता टिकत नाही. खडीचे तुकडे एकमेकांवर घसरतात, त्यांना धरून ठेवायला बारीक माल हवा. वरच्या थरासाठी शंभर भागांत आठ ते पंधरा भाग अगदी बारीक, चिकट माल असावा असा रस्तेबांधणीतला अंगठेनियम आहे. आपला पिवळा-तांबूस मुरूम हे काम करतो. तो झिजलेल्या बेसॉल्टचाच असतो आणि त्यात थोडी चिकणमाती असते. मूठभर ओला मुरूम दाबून बघा. गोळा झाला आणि हाताला थोडा डाग राहिला तर चांगला. लगेच सुटला तर त्यात बंध नाही, आणि हाताला लोण्यासारखा चिकटला तर पावसात चिखल होणार. काळी माती मिसळलेला मुरूम फुकट मिळाला तरी परत पाठवा. वरच्या थरात २० मिमीपेक्षा मोठी खडी नको. ती दातांत येते आणि दर वेळी बाहेरच पडते.

हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आमची वाट १८० मीटर लांब, ३ मीटर रुंद. ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे २७ घनमीटर, साडेनऊ ब्रास. दाबल्यावर थर बसतो, म्हणून मी हिशेबात बारा धरले. गाडीवाल्याकडून रॉयल्टीची पावती घ्या. मुरूम गौण खनिजात येतो आणि विनापरवाना उत्खननाची झळ तहसील कार्यालयाकडून शेतमालकालाही लागू शकते.

पण आधी कडेचा माल आत ओढा आणि मग किती कमी पडतंय ते बघा. आम्हाला त्या वर्षी बाराऐवजी पाचच ब्रास पुरले.

वाफसा

शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी: जमीन ना चिखल, ना कोरडी, अशी बेताच्या ओलीची अवस्था. जमीन पेरणीला जशी वाफशावर लागते, तसा मुरूमही विंचरायला आणि दाबायला वाफशावरच लागतो. कोरड्या मुरमावर दाताळं चालवलं की बारीक माल धूळ होऊन उडतो आणि मोठा वर राहतो. म्हणजे रस्ता धरून ठेवणारा भागच तुम्ही उडवून लावता. ओल्या मुरमावर चालवलं तर दातांत चिखल भरतो आणि दाताळ्याचं पातं होतं.

पुणे परिसरात असे दोन काळ येतात. पहिला मेच्या शेवटी, एखादा वळीव पडून गेल्यावर, मृगाच्या आधी. दुसरा ऑक्टोबरात, परतीचा पाऊस ओसरल्यावर. मोठी डागडुजी मी ऑक्टोबरात करतो, कारण मेमध्ये फोडलेला रस्ता नीट बसायच्या आत मोठा पाऊस आला तर सगळा माल चारीत जातो. मेमध्ये फक्त कडा मोकळ्या करायच्या आणि उतार तपासायचा. सासवड-जेजुरीकडे पाऊस कमी, तिथे वाहून जाण्यापेक्षा धूळ आणि आडव्या लाटांचा त्रास जास्त. तिथल्यांनी पावसाची वाट बघू नये. आदल्या संध्याकाळी टँकरने रस्ता भिजवावा आणि सकाळी काम सुरू करावं. ताम्हिणीच्या बाजूला, जिथे पाऊस धो-धो पडतो, मात्र कितीही विंचरलं तरी चारी नसेल तर उपयोग नाही.

प्रत्यक्ष काम

आधी पायी चाला. बाहेर आलेले डबर, झाडांची मुळं, पाण्याच्या पाईपलाईनचे जोड यांवर चुन्याची खूण करा. पाईप वीतभरच खोल असेल तर तिथे मोगडा उचलायचा आहे हे आधीच ठरवा.

मग मोगडा. खड्ड्यात माल टाकून तो बुजवायचा नसतो. टणक वाटीत टाकलेला सुटा मुरूम आठ दिवसांत चाकांनी उडतो, कारण वाटीचा तळ पाणी धरून ठेवतो. त्या पट्ट्यातला रस्ताच खड्ड्याच्या तळाइतका फोडायचा, म्हणजे वाटी उरतच नाही. खड्डा ७ सेंटिमीटर खोल असेल तर मोगडा ७-८ सेंटिमीटर लागला पाहिजे. वळणावर आणि चढाच्या सुरुवातीला येणाऱ्या आडव्या लाटांनाही हाच उपाय. त्या वरून घासून गुळगुळीत केल्या तर महिन्याभरात त्याच जागी परत येतात.

आता दाताळं जोडा. सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून दात जमिनीला टेकवा. टॉप लिंक अशी लावा की दांडा आडवा राहील आणि सगळ्या दातांची टोकं सारखी टेकतील. दहा फूट चालवून मागे बघा. दात नुसते घासत असतील किंवा फार रुतत असतील तर टॉप लिंक एक आटा फिरवा आणि पुन्हा दहा फूट. एका वेळी एकच गोष्ट बदला. चेक चेन घट्ट करा, नाहीतर तिरपं दाताळं ट्रॅक्टरला बाजूला ढकलत राहतं.

पहिला फेरा कडेचा. दाताळ्याचं डावं टोक पुढे आणि उजवं मागे राहील असं ३० अंशांत फिरवा. रस्त्याच्या डाव्या कडेने जा, टोकाला वळा आणि पुन्हा आपल्या डाव्या कडेनेच परत या. दोन्ही वेळा कड डावीकडेच राहते, म्हणून कोन बदलावा लागत नाही. डावं टोक गवताचा बांध सोडवतं, माल उजवीकडे सरकतो आणि रस्त्याच्या मधोमध वरंबा पडतो. पहिल्या फेऱ्यात गवताची मुळं भरपूर येतील. ती हाताने काढून झटका, माती खाली पडू द्या, गवत बाहेर टाका. रस्त्यात राहिलेलं गवत कुजतं आणि तिथेच पुढचा मऊ खड्डा होतो.

वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास ठेवा, लो गिअरमध्ये, पायी चालणारा बरोबर राहील एवढा. जोरात चालवलं की दाताळं नाचतं आणि त्या नाचण्याच्या लाटा उमटतात.

दुसरा टप्पा कासवपाठीचा. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता हवा, मीटरला ४ सेंटिमीटर. तीन मीटर रुंद रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच. डोळ्यांना हे फार वाटतं. सपाटच बरं दिसतं म्हणून लोक कमी ठेवतात आणि पाणी चाकोरीतून वाहतं. उजव्या भुजेचा लेव्हलिंग बॉक्स, म्हणजे त्या भुजेची उंची कमी-जास्त करणारा स्क्रू, दोन-तीन आटे फिरवून दाताळ्याची उजवी बाजू वर घ्या, आणि डावीकडचं गेज व्हील एक भोक वर सरकवा, म्हणजे डावं टोक थोडं खाली राहील. कोन कमी करून पुन्हा दोन्ही कडांनी फेरे मारा. मग गवंड्याची पद्धत वापरा: रस्त्याच्या मधोमध ठोकलेल्या खुंटीवरून कडेपर्यंत दोरी ताणा, लेव्हल ट्यूबने सरळ करा आणि कडेला दोरीखाली किती फट आहे ते मोजा. दर वीस पावलांवर एकदा बघितलं तरी पुरे. फाटकाजवळ आणि जिथे एका बाजूला डोंगर आहे तिथे कासवपाठ न करता सगळा उतार चारीच्या बाजूला द्या.

आमच्याकडे चढाच्या भागात पाणी रस्त्याच्याच दिशेने धावतं. तिथे मी तीन तिरप्या आडव्या चाऱ्या काढल्यात, कडेला सोडलेल्या. दर वेळी तिथे दाताळं उचलायचं लक्षात ठेवावं लागतं. एकदा विसरलो आणि चारीचा बांध थेट फाटकापर्यंत पसरला.

तिसरा टप्पा: लेव्हलिंग बॉक्स आणि चाकं सारखी करा, दाताळं सरळ करा, गेज व्हीलवर अंगठ्याएवढं वर घ्या आणि मधल्या वरंब्यावरून चालवा. बारीक माल फटींतून खाली बसतो, वरचा माल दोन्हीकडे पसरतो. नवा मुरूम टाकायचा असेल तर या टप्प्याआधी मधोमध छोटे ढीग करून टाका. शेवटी गोळा झालेले दगड फेकू नका. आडव्या चाऱ्यांच्या तोंडाशी पाण्याचा जोर तोडायला ते उत्तम. मग दांडा उलटा करून दातांच्या पाठीने एक हलका फेरा.

आणि वाफसा उडायच्या आत दाबा. दीड-दोन टनी रोलर भाड्याने मिळाला तर छान. नाहीतर भरलेली ट्रॉली घेऊन प्रत्येक फेरीला चाकाच्या रुंदीएवढं सरकत सगळा रस्ता चाकांखाली घाला. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो. हे न करता विंचरलेला सुटा मुरूम तसाच सोडला तर पहिल्याच सरीत तो चारीत दिसेल.

जिथे अवजार आणि माणूस मोडतो

दात जमिनीत असताना रिव्हर्स घेऊ नका. दात मागे झुकायला बनवलेले असतात, पुढे नाही. दात टेकलेले असताना तीव्र वळणही नको. आमच्या फाटकापाशी मी हेच केलं आणि खालची भुजा वाकली. टोकाला आलात की आधी उचला, मग वळा.

दाताळं रुतत नाही म्हणून त्यावर पोराला बसवण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. तो पडला तर दातांखाली जातो, आणि चालवणाऱ्याला मागे बघेपर्यंत उशीर झालेला असतो. वजन हवं तर वाळूची पोती बांधा. कडेच्या चारीपासून निदान हातभर आत राहा, ओली कड ट्रॅक्टरच्या वजनाने ढासळते. दातांत अडकलेलं मूळ काढायचं तर दाताळं खाली टेकवा, इंजिन बंद करा, मगच मागे जा.

पावसाळ्यात मोठं काम नको, पण आठ-दहा दिवसांची उघडीप मिळाली तर कडांचा हलका फेरा मारून ठेवा. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या सुमारास अशी उघडीप बऱ्याचदा येते. वीस मिनिटांचं काम. गवताचा बांध कोवळा असतानाच सुटतो आणि ऑक्टोबरातला अर्धा दिवस वाचतो.

काम संपल्यावर दात धुऊन जुनं ऑइल लावा. फिरण्याच्या खुंट्याला आणि गेज व्हीलच्या बेअरिंगांना ग्रीस द्या. दाताळं दातांवर उभं करून ठेवू नका, दांड्याखाली लाकडी ओंडके द्या. डावं टोक नेहमी पुढे राहत असल्याने त्या बाजूचे दात लवकर झिजतात. दर दिवाळीनंतर डावीकडचे सात-आठ दात काढून उजवीकडे लावा आणि उजवीकडचे डावीकडे.